उत्सर्जन निम्म्यावर आणणे पुरेसे का नाही?

जलबिंदू

नमस्कार. जागतिक हवामानबदलावर जे वाचायला मिळते त्यात कारणे, परिणाम आणि उपाय यांच्या याद्या पुष्कळ असतात, पण या तिघांना जोडणारे गणित क्वचितच मांडलेले दिसते. माझा प्रश्न त्या गणिताविषयी आहे.

माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला साधारण निम्माच हवेत उरतो आणि उरलेला निम्मा समुद्र, वनस्पती व माती शोषून घेतात, असे सर्वत्र सांगितले जाते. हे खरे असेल तर आपले उत्सर्जन निम्म्यावर आणले की उत्सर्जन आणि शोषण यांची तोंडमिळवणी व्हायला हवी, हवेतले प्रमाण वाढायचे थांबायला हवे आणि त्यापाठोपाठ तापमानवाढही थांबायला हवी. मग 2015 च्या पॅरिस करारानंतर सगळीकडे ‘निव्वळ शून्य’ उत्सर्जनाचा (म्हणजे माणसाने जेवढे सोडले तेवढे माणसानेच हवेतून काढून घेण्याचा) आग्रह का धरला जातो? निम्म्यावर भागत असेल तर शून्यापर्यंत जाण्याचा खर्च आणि उलथापालथ कशासाठी?

याच्या जोडीला आणखी दोन शंका आहेत. हवेतले कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम 0.04 टक्के आहे. एवढ्याशा वायूने पृथ्वी तापते हे मनाला पटायला जड जाते. शिवाय माणूस नव्हता तेव्हाही हिमयुगे आली आणि गेली, मग आताचा बदल माणसामुळेच आहे हे कशावरून ठरवले? आणि शेवटचे म्हणजे, आज सगळे कारखाने बंद केले तरी तापमान पुढची अनेक दशके वाढतच राहणार, असेही मी अनेकदा वाचले आहे. तसे असेल तर उत्सर्जन कमी करण्याचा उपयोग तरी काय?

खगोलप्रेमी

मी तुमच्या जोडशंकांचे उत्तर देतो. मुख्य प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा अधिक जाणकार सदस्यांनी द्यावे.

कोरड्या हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा असतो, आणि पृथ्वीवरून अवकाशाकडे जाणाऱ्या अवरक्त उष्णतेच्या वाटेत हे दोन्ही वायू जवळजवळ येतच नाहीत. म्हणजे उष्णता अडवण्याच्या कामात 99 टक्के हवेची गणती करण्याचे कारणच उरत नाही. जे थोडे वायू ते काम करतात त्यांच्यापुरताच विचार केला तर 0.04 टक्के ही मोठी हजेरी ठरते.

हे पहिल्यांदा मोजले गेले ते आजच्या राजकारणाच्या कितीतरी आधी. युनिस फूट यांनी 1856 साली काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापल्याचे नोंदवले. त्यानंतर तीनच वर्षांनी जॉन टिंडल यांनी अधिक काटेकोर उपकरण उभे केले. पितळेची लांब नळी, तिच्या दोन्ही तोंडांना सैंधवाच्या पारदर्शक चकत्या (काच वापरता येत नव्हती, कारण काच स्वतःच अवरक्त किरण अडवते), एका बाजूला उकळत्या पाण्याने तापवलेला धातूचा घन आणि दुसऱ्या बाजूला उष्णतेचे विजेत रूपांतर करणारे जोड, त्याला जोडलेली सुई. नळी निर्वात असताना सुई शून्यावर आणून ठेवायची आणि मग एकेक वायू आत सोडायचा. स्वच्छ कोरड्या हवेने सुई जेमतेम हलली. कार्बन डायऑक्साइडने आणि पाण्याच्या वाफेने ती ठळकपणे सरकली. स्वान्ते अऱ्हेनियस यांनी 1896 साली याच गुणधर्माच्या आधारे हवेतले प्रमाण दुप्पट झाले तर तापमान किती वाढेल याचा हिशेब हाताने केला आणि तो पाच ते सहा अंश सेल्सियसपर्यंत आला. आजचा सर्वोत्तम अंदाज सुमारे तीन अंशांचा आहे.

पाण्याची वाफ हा अधिक प्रबळ हरितगृह वायू आहे, हा आक्षेप पुढे येतोच, म्हणून त्याविषयीही लिहितो. वाफ हवेत काही दिवसच टिकते आणि पावसाच्या रूपाने खाली येते. हवेत ती किती राहणार हे हवेच्या तापमानावर ठरते. त्यामुळे ती स्वतःहून तापमानवाढ सुरू करू शकत नाही, मात्र दुसऱ्या कशाने सुरू झालेली वाढ ती बरीच बळकट करते.

आता माणसाचा हात कशावरून ठरवला, हे पाहू. प्रश्न रास्त आहे, पण याचे उत्तर अनेक स्वतंत्र मोजमापांतून एकाच दिशेने येते. वनस्पती प्रकाशसंश्लेषणात कार्बन-13 पेक्षा हलका कार्बन-12 पसंत करतात, त्यामुळे वनस्पतींपासून झालेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-13 कमी असतो. कार्बन-14 चा अर्धायुष्यकाळ सुमारे 5,730 वर्षांचा आहे, त्यामुळे कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या इंधनात तो शिल्लकच नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये हे दोन्ही समस्थानिक विरळ होत गेले आहेत, आणि हान्स स्यूस यांनी कार्बन-14 ची ही विरळता झाडांच्या लाकडात 1950 च्या दशकातच दाखवून दिली होती. हवेतला ऑक्सिजनही ज्वलनाशी सुसंगत प्रमाणात किंचित घटत आहे. वायू समुद्रातून आपोआप बाहेर येत असता तर ऑक्सिजन असा घटला नसता. ज्वालामुखींचे नाव नेहमी घेतले जाते, पण त्यांचे वार्षिक उत्सर्जन माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

सूर्याविषयी सांगायचे तर उपग्रह 1978 पासून त्याची प्रखरता सलग मोजत आहेत आणि तीत तापमानवाढीला जुळेल अशी वाढ दिसत नाही. याहून ठोस पुरावा हवेच्या वरच्या थरात आहे. सूर्य तापल्याने पृथ्वी तापली असती तर तपांबर (हवेचा जमिनीलगतचा थर) आणि स्थितांबर (त्याच्या वरचा थर) दोन्ही तापले असते. हरितगृह वायूंमुळे तापत असेल तर खालचा थर तापून वरचा थंड व्हायला हवा, हे स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 साली गणिताने दाखवले होते. पुढच्या दशकांत प्रत्यक्ष मोजमापांत नेमके तसेच आढळले. मानाबे यांना 2021 साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

हिमयुगांचे कारण पृथ्वीच्या कक्षेतले आणि अक्षातले संथ बदल हे आहे, आणि त्या बदलांनी सुरू झालेल्या तापमानवाढीला समुद्रातून बाहेर आलेल्या कार्बन डायऑक्साइडने हातभार लावला. अंटार्क्टिकाच्या बर्फातून काढलेल्या दंडगोलांत जुन्या हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. तो बर्फ निर्वात कक्षात अतिशय थंड ठेवून चिरडला की हजारो वर्षांपूर्वीची हवा मोकळी होते आणि थेट मोजता येते. या नोंदी 8,00,000 वर्षे मागे जातात. औद्योगिक काळापूर्वीच्या या संपूर्ण काळात प्रमाण दर दशलक्ष भागांत साधारण 180 ते 300 या मर्यादेतच फिरत राहिले. शेवटचे हिमयुग सरताना ते सुमारे 80 ने वाढायला सहा-सात हजार वर्षे लागली. हवाई बेटावरील मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी 1958 साली मोजणी सुरू केली तेव्हा ते 315 च्या आसपास होते आणि 2024 मध्ये त्याची वार्षिक सरासरी 424 च्या पुढे गेली. म्हणजे निसर्गाला जे करायला सहा-सात हजार वर्षे लागली त्याहून अधिक वाढ एका माणसाच्या आयुष्यात झाली आहे. हवामान पूर्वीही बदलत होते हे खरेच आहे. चिंता या वेगाची आहे.

भूस्तर

मूळ प्रश्न फार चांगला आहे, कारण त्यातला हिशेब वरवर पाहता बिनचूक वाटतो. चूक गृहीतकात आहे. निसर्ग आपल्या वार्षिक उत्सर्जनाच्या निम्मा भाग शोषतो, हे वर्णन म्हणून बरोबर आहे. पण निसर्गाला आपले त्या वर्षीचे उत्सर्जन किती होते हे कळत नाही. समुद्र आणि जंगले जे शोषतात ते हवेत आधीपासून साठलेल्या जादा वायूमुळे.

समुद्राचे उदाहरण घेऊ. हवेतले प्रमाण समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याच्या तुलनेत जास्त असेल तोवर वायू पाण्यात उतरत राहतो. आज उत्सर्जन निम्म्यावर आणले तर सुरुवातीला तुमची तोंडमिळवणी खरोखर होईल आणि हवेतले प्रमाण जवळपास स्थिर होईल. पण प्रमाण स्थिर राहिले की पृष्ठभागावरचे पाणी हळूहळू त्याच्याशी जुळवून घेते, फरक कमी होतो आणि शोषणही मंदावते. पृष्ठभागावरचे पाणी खोल पाण्यात मिसळायला शतके लागतात आणि या सगळ्या व्यवहारातला अडथळा नेमका तिथे आहे. त्यात रसायनशास्त्राची भर पडते: पाण्यात उतरलेला वायू तिथल्या कार्बोनेट आयनांशी संयोग पावतो, ते आयन जसजसे खर्ची पडतात तसतशी पाण्याची आणखी वायू सामावून घेण्याची क्षमता घटते. जमिनीवरही तसेच आहे. वाढीव कार्बन डायऑक्साइडमुळे झाडे काही काळ अधिक वाढतात, पण वाढलेली पाने, लाकूड आणि मातीतला पालापाचोळा पुढे कुजतो आणि तो कार्बन परत येतो. त्यामुळे उत्सर्जन निम्म्यावर कायम ठेवले तर काही वर्षांच्या विश्रांतीनंतर हवेतले प्रमाण पुन्हा चढू लागेल.

आणि प्रमाण स्थिर झाले असे क्षणभर मानले तरी तापमान स्थिर होत नाही. जादा उष्णतेतली सुमारे 90 टक्के समुद्रात जाते आणि एवढे पाणी तापायला वेळ लागतो. प्रमाण स्थिर ठेवले तर समुद्र त्या प्रमाणाशी जुळेपर्यंत पृथ्वीचे तापमान वाढत राहते.

याच्याहून सोपा आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब असा आहे. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार दर 1,000 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे 0.45 अंशाने वाढते. तो वायू एका दशकात सोडला की एका शतकात, याने फारसा फरक पडत नाही. 1850 ते 2019 या काळात माणसाने एकूण सुमारे 2,400 अब्ज टन सोडले. याचा गुणाकार केला तर 1.1 अंशाच्या आसपास उत्तर येते आणि 2011 ते 2020 या दशकाची प्रत्यक्ष सरासरी वाढही 1.1 अंश होती. (इतर हरितगृह वायूंनी केलेली वाढ आणि धुरातल्या सूक्ष्म कणांनी केलेला थंडावा यांनी एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढले म्हणून ही जुळणी इतकी सुबक दिसते, हे ध्यानात ठेवावे.)

आता तुमचा प्रश्न यात घालून पाहा. जंगलतोडीसह आजचे उत्सर्जन वर्षाला ढोबळमानाने 40 अब्ज टन धरले तर दर दशकाला 400 अब्ज टन, म्हणजे 0.18 अंशाची वाढ. उत्सर्जन निम्म्यावर आणून तिथेच थांबलो तर दर दशकाला 0.09 अंश. वाढीचा वेग निम्मा झाला, पण वाढ चालूच राहिली. सावकाराकडून दरमहा पूर्वीपेक्षा निम्मी रक्कम उचलली म्हणून डोक्यावरचे मुद्दल कमी होत नाही. तापमानाचा संबंध या मुद्दलाशी आहे. सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग, साधारण पाचवा हिस्सा, हजारो वर्षे हवेत राहतो, म्हणून हे मुद्दल आपोआप फिटण्याची वाट पाहता येत नाही. तापमान कुठल्याही पातळीवर थांबवायचे असेल, मग ती 1.5 अंश असो, दोन असो की तीन, त्यासाठी निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावेच लागते. ही अट राजकीय वाटाघाटीतून आलेली नाही. कोणत्या पातळीवर थांबायचे एवढेच करारांनी ठरवायचे असते.

तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर मात्र दिलासा देणारे आहे. आज सारे थांबवले तरी तापमान अनेक दशके वाढतच राहणार, हे विधान प्रमाण स्थिर ठेवण्याच्या जुन्या गणितावरून आलेले आहे. उत्सर्जन खरोखर शून्यावर आले तर समुद्र हवेतला वायू शोषत राहतो, हवेतले प्रमाण हळूहळू घटते आणि त्यामुळे होणारा थंडावा समुद्राच्या अपुऱ्या राहिलेल्या तापण्याची जवळपास भरपाई करतो. परिणामी कार्बन डायऑक्साइडमुळे होणारी वाढ उत्सर्जन थांबल्यावर काही वर्षांतच जवळपास थांबते. पुढची वाढ भूतकाळाने आपल्यावर लादलेली नसून ती मुख्यतः पुढच्या उत्सर्जनावर ठरणार आहे. म्हणून ‘आता उशीर झाला, काही उपयोग नाही’ हे वाक्य मला ‘काही होतच नाही’ या वाक्याइतकेच घातक वाटते.

मिथेनचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडमध्ये मिसळल्याने खूप गोंधळ होतो. मिथेन हवेत सुमारे 12 वर्षेच टिकतो, पण 20 वर्षांच्या काळात वजनाला वजन धरले तर तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक उष्णता अडवतो. तो साठत जात नसल्यामुळे त्याचे उत्सर्जन स्थिर राहिले तर हवेतले प्रमाणही स्थिर होते आणि उत्सर्जन घटवले तर एक-दोन दशकांतच तापमानावर खाली येणारा परिणाम दिसतो. आतापर्यंतच्या तापमानवाढीत त्याचा वाटा सुमारे अर्ध्या अंशाचा आहे. तेल आणि वायूच्या विहिरी, गळक्या वाहिन्या, कोळशाच्या खाणी, कचऱ्याचे ढीग, रवंथ करणारी जनावरे आणि पाणी तुंबवलेली भातशेती हे त्याचे मुख्य स्रोत. यांपैकी विहिरी आणि वाहिन्यांची गळती थांबवणे सर्वांत स्वस्त आहे, कारण वाचलेला वायू विकता येतो. आता उपग्रहांवरून मोठ्या गळत्या थेट दिसतात. 2030 पर्यंत मिथेनचे उत्सर्जन 2020 च्या तुलनेत 30 टक्क्यांनी घटवण्याचे वचन 2021 च्या ग्लासगो परिषदेत शंभराहून अधिक देशांनी दिले. त्या वचनाला जेवढे महत्त्व मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

किनारा

भूस्तर यांचे विवेचन मला मान्य आहे, पण त्यातल्या दिलाशाला एक महत्त्वाची मर्यादा आहे आणि ती न सांगता पुढे जाणे योग्य होणार नाही. उत्सर्जन शून्यावर आले की तापमान थांबते. समुद्राची पातळी थांबत नाही.

पातळी दोन कारणांनी वाढते: तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात जातो. 1901 ते 2018 या काळात ती सरासरी 20 सेंटिमीटर वाढली आणि 2006 नंतरच्या काळात वाढीचा वेग वर्षाला सुमारे 3.7 मिलिमीटर झाला, जो विसाव्या शतकातल्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. पृष्ठभागावरचे तापमान स्थिर झाल्यावरही उष्णता खोल पाण्यात झिरपत राहते आणि हिमस्तर नव्या तापमानाशी जुळवून घेत शतकानुशतके वितळत राहतात. एकट्या ग्रीनलँडच्या हिमस्तरात समुद्राची पातळी सुमारे सात मीटरने वाढवण्याइतके पाणी आहे. ते सगळे लगेच येणार नाही, पण किती वेगाने आणि किती प्रमाणात येणार हे आपण कोणत्या तापमानावर थांबतो त्यावर ठरते. सखल प्रवाळबेटांवरच्या देशांनी 1.5 अंशाचा आग्रह धरला त्यामागे हेच कारण होते. त्यांच्यासाठी अर्ध्या अंशाचा फरक म्हणजे राहण्याजोगी भूमी उरणे किंवा न उरणे.

परिणामांच्या चर्चेत सरासरी तापमानाचा आकडा फसवा ठरतो, कारण माणसांचे नुकसान टोकाच्या दिवसांत होते. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्याच कारणाने कोसळणारा पाऊस अधिक जोराचा होतो आणि दोन पावसांच्या मधल्या काळात जमीन अधिक लवकर सुकते. पूर आणि अवर्षण एकाच प्रदेशात पाठोपाठ येतात ते यामुळे. दमट उष्णतेचा धोका तर अजून नीट ओळखला गेलेला नाही. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते, आणि हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम नुसता ओघळतो, थंडावा मिळत नाही. अशा हवेत उघड्यावर अंगमेहनत करणारा तरुण, निरोगी माणूसही काही तासांत कोसळू शकतो.

म्हणून अनुकूलनाकडे, म्हणजे बदललेल्या हवामानाला तोंड देण्याच्या तयारीकडे, दुय्यम उपाय म्हणून पाहिले जाते हे मला चुकीचे वाटते. नोव्हेंबर 1970 मध्ये आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे दगावली. त्यानंतर तिथे स्वयंसेवकांचे जाळे उभारले गेले, गावागावांत पोहोचणाऱ्या पूर्वसूचनेची व्यवस्था झाली आणि उंच खांबांवर पक्के निवारे बांधले गेले. 2007 साली सिद्र हे अतिशय तीव्र चक्रीवादळ आले तेव्हा मृतांची संख्या काही हजारांवर होती. तीही फार मोठी हानी आहे, पण दोन संख्यांमधला फरक अनुकूलनाने वाचवलेल्या जिवांचा आहे. युरोपात 2003 च्या उन्हाळ्यातल्या उष्णतेच्या लाटेने सुमारे 70,000 बळी घेतले आणि त्यानंतरच अनेक देशांनी उष्णतेसाठी इशाऱ्यांची आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या विचारपुशीची व्यवस्था उभी केली.

मात्र अनुकूलनालाही मर्यादा असतात. प्रवाळांसाठी भिंत बांधता येत नाही. आंतरसरकारी मंडळाच्या 2018 च्या अहवालानुसार 1.5 अंशाच्या वाढीला उष्ण समुद्रातील 70 ते 90 टक्के प्रवाळ नष्ट होतील आणि दोन अंशांना जवळजवळ सगळेच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 अशा वर्षांत मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. सावरायला लागणारा अवधीच त्यांना मिळेनासा झाला आहे.

भूस्तर यांच्या साठ्याच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. तापमान एकूण साठ्यावर ठरत असेल तर जबाबदारीही आजच्या वार्षिक उत्सर्जनावर न ठरता आजवरच्या एकूण उत्सर्जनावर ठरायला हवी. आज दरवर्षीचे सर्वाधिक उत्सर्जन चीनचे आहे, पण जीवाश्म इंधनांच्या आजवरच्या एकूण उत्सर्जनातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे एक चतुर्थांश, अमेरिकेचा आहे, आणि ज्या देशांना सर्वाधिक झळ बसते त्यांतल्या अनेकांचा वाटा नगण्य आहे. 1992 च्या हवामानबदल करारात ‘सामाईक परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व आले ते यासाठी. हानीची भरपाई करणाऱ्या निधीला मान्यता मिळायला मात्र 2022 साल उजाडावे लागले. तो निधी दान म्हणून मागितला जात नाही, याची जाणीव श्रीमंत देशांतल्या चर्चेत अजूनही अभावानेच दिसते.

जलबिंदू

सर्वांचे मनापासून आभार. निम्म्याचा हिशेब कुठे चुकतो ते आता स्पष्ट झाले. पण ‘निव्वळ’ या शब्दाने पुढचा प्रश्न उभा राहतो. शोषण वाढवूनही शून्य गाठता येत असेल तर झाडे लावून किंवा यंत्रांनी हवेतला वायू काढून उत्सर्जन तसेच चालू ठेवता येईल का? आणि सूर्यप्रकाशच थोडा परतवून लावण्याच्या कल्पनेविषयी आपले काय मत आहे?

रसायन

थोडक्यात सांगायचे तर नाही, आणि कारण प्रमाणाचे आहे.

आइसलँडमध्ये 2021 साली हवेतून थेट कार्बन डायऑक्साइड काढणारे एक संयंत्र सुरू झाले, तेव्हा ते आपल्या प्रकारातले जगातले सर्वांत मोठे होते. त्याची आखीव क्षमता वर्षाला 4,000 टन होती. जीवाश्म इंधनांचे आणि सिमेंटचे मिळून जगाचे उत्सर्जन वर्षाला सुमारे 37 अब्ज टन आहे, म्हणजे दर सेकंदाला साधारण 1,200 टन. त्या संयंत्राचे वर्षभराचे काम जग साडेतीन सेकंदांत पुसून टाकते. ही तंत्रे निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. हवेत हा वायू दहा हजार कणांत चार एवढा विरळ असल्याने तो वेचून काढायला भरपूर ऊर्जा लागते, आणि धुराड्यात तो न सोडणे जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. उपसण्याची ही महाग क्षमता जिथे उत्सर्जन टाळताच येत नाही अशा थोड्या जागांसाठी राखून ठेवायला हवी.

अशी एक जागा म्हणजे सिमेंट. भट्टीत चुनखडी सुमारे 900 अंशांना तापवली की तिचे विघटन होऊन चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी विजेवर चालवली तरी दगडातून निघणारा हा वायू टळत नाही, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात त्याचाच वाटा निम्म्याहून अधिक असतो. पोलादात कोक हे इंधन असते तसेच खनिजातला ऑक्सिजन काढून घेणारे रसायनही असते. तिथे हायड्रोजनचा पर्याय आहे, पण तो स्वच्छ विजेपासून बनवलेला हवा. याउलट वीजनिर्मिती आणि रस्त्यावरची वाहतूक यांना आता तांत्रिक सबब उरलेली नाही. 2010 ते 2020 या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे 90 टक्क्यांनी उतरल्या आणि विद्युतघटांच्या किमतींनीही साधारण तीच वाट धरली. अडचण आता वीजजाळ्यांची, साठवणुकीची आणि भांडवलाच्या व्याजदराची आहे. हा व्याजदर गरीब देशांत इतका चढा असतो की तेच पॅनेल तिथे महाग वीज देते.

झाडांबाबत मला कळकळीने सांगावेसे वाटते की जुने जंगल राखणे हे नवे रोपण करण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे, आणि दोन्ही करायलाच हवे. पण त्यांचा वापर कोळशाच्या धुराची वजावट म्हणून करणे हा हिशेबच चुकीचा आहे. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली सुरक्षित होता. झाडातला कार्बन वणवा, कीड, दुष्काळ किंवा कुऱ्हाड यांच्या तावडीत असतो आणि तापत्या हवेत यांतले पहिले तीन धोके वाढत जातात. हजारो वर्षे टिकणाऱ्या उत्सर्जनाच्या बदल्यात काही दशकांची हमी घेणे म्हणजे फेड केल्यासारखे भासवणे आहे.

सूर्यप्रकाश परतवण्याच्या कल्पनेला निसर्गातला एक आधार आहे. जून 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने स्थितांबरात सुमारे दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड फेकला आणि पुढचे वर्षभर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. म्हणजे विमानांनी असे कण फवारले तर थंडावा येईल, याविषयी शास्त्रज्ञांत फारसा वाद नाही. वाद पुढचा आहे. हे कण एक-दोन वर्षांत खाली येतात, त्यामुळे फवारणी अखंड चालू ठेवावी लागते. दरम्यान कार्बन डायऑक्साइड साठतच राहिला आणि युद्धाने किंवा राजकीय बिघाडाने फवारणी थांबली, तर अनेक दशकांची दडवलेली तापमानवाढ काही वर्षांतच अंगावर येईल. एवढ्या वेगाशी शेती किंवा जंगले कशी जुळवून घेणार? शिवाय समुद्राचे आम्लीकरण त्याने थांबत नाही. औद्योगिक काळापासून पृष्ठभागावरील पाण्याची आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली आहे आणि शिंपल्यांना व प्रवाळांना कवच बांधणे त्यामुळे अवघड होते. पावसाचे पट्टेही सरकू शकतात, आणि मग एका देशाच्या फवारणीमुळे दुसऱ्याचा पाऊस गेला की नाही हे ठरवणारी कोणतीही यंत्रणा आज अस्तित्वात नाही.

भूस्तर

रसायन यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड देतो. असा प्रयोग आपण नकळत आधीपासूनच करत आलो आहोत. कोळसा आणि जहाजांचे जड तेल जळताना निघणारे गंधकाचे कण हवेच्या खालच्या थरात तापमानवाढीचा काही भाग झाकून ठेवतात. तेच कण श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन दरवर्षी लाखो अकाली मृत्यूंना कारण होतात, म्हणून ते कमी करणे अनिवार्य आहे, आणि 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची कमाल मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर आणली गेली ती योग्यच होती. पण कण काही दिवसांत खाली बसतात आणि कार्बन डायऑक्साइड मागे राहतो, त्यामुळे हवा स्वच्छ होताना झाकलेली वाढ उघडी पडते. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने 2024 हे वर्ष 1850 ते 1900 च्या सरासरीपेक्षा सुमारे 1.55 अंशांनी उष्ण ठरले. त्यात एल निनोचा हात होता, आणि विरळ झालेल्या कणांचा त्यात नेमका किती वाटा यावर अजून काम चालू आहे. ही उघडी पडणारी वाढ लवकर भरून काढू शकेल असा हाताशी असलेला सर्वांत मोठा उपाय मिथेनची कपात हा आहे. म्हणून गंधक घटवण्याचे आणि मिथेन घटवण्याचे वेळापत्रक देशांनी एकत्र आखायला हवे. आज ही दोन कामे बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या खात्यांकडे असतात आणि त्यांचे हिशेब एका टेबलावर येत नाहीत.